चिपी ते अगत्ती : अंतर ५९१ किलोमीटर, मग प्रवासाला किती वेळ?

तारकर्लीतले चौघेजण जानेवारीत अगत्तीला जायचं म्हणतात. चौघंही स्कूबाच्या धंद्यातले, हंगामभर मालवणच्या समुद्रात पर्यटकांना पाण्याखाली नेणारे. लक्षद्वीपच्या नितळ पाण्यात आता स्वतःसाठी थोड्या डायव्ह करायच्या, एवढाच हेतू. हाताशी सहा दिवस आहेत. सिंधुदुर्गाचा विमानतळ चिपीला, म्हणजे घराजवळच. त्यांनी इंटरनेटवर दोन विमानतळांची नावं टाकून अंतर आणि वेळ काढली. उत्तर आलं : ५९१ किलोमीटर, १ तास १४ मिनिटं. त्यावरून बेत ठरला. सकाळी न्याहारी करून निघायचं, दुपारचं जेवण अगत्तीत, संध्याकाळी पहिली डायव्ह. परतीच्या दिवशी सकाळी शेवटची डायव्ह उरकायची आणि दुपारच्या विमानात बसायचं.

यातला ५९१ हा आकडा बरोबर आहे. बाकीचं जवळजवळ सगळं चुकलंय, आणि परतीच्या दिवसाचा बेत तर जिवावर बेतणारा आहे. कोपऱ्यातले दोन विमानतळ जोडायचे म्हटलं की अशी गल्लत नेहमी होते, म्हणून हे एकच प्रकरण मुळापासून सोडवून पाहू.

अंतराचा आकडा कुठून येतो

चिपीचा विमानतळ परुळे-चिपीच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे, साधारण १६°००′ उत्तर अक्षांश आणि ७३°३२′ पूर्व रेखांशावर. अगत्तीचा विमानतळ बेटाच्या दक्षिण टोकाला, १०°४९′ उत्तर आणि ७२°११′ पूर्व. एवढे चार आकडे हाती असले की अंतर घरबसल्या काढता येतं, संकेतस्थळाची गरज नाही.

अक्षांशांची वजाबाकी ५°११′, म्हणजे ३११ मिनिटं. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा दक्षिणेकडचं अंतर थेट ३११ सागरी मैल. जीपीएस लावून बोट नेणाऱ्या तांडेलाला हा हिशेब सांगावा लागत नाही. रेखांशांची वजाबाकी १°२१′, म्हणजे ८१ मिनिटं. पण रेखांशाच्या रेषा ध्रुवाकडे एकमेकींजवळ येत जातात, म्हणून या आकड्याला मधल्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं. मधला अक्षांश १३°२५′, त्याचा कोसाइन ०.९७३, गुणाकार आला ७९. आता शाळेतलं पायथागोरस : ३११ चा वर्ग अधिक ७९ चा वर्ग, त्याचं वर्गमूळ ३२१. एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा, म्हणून ३२१ सागरी मैल म्हणजे ५९४ किलोमीटर.

मग संकेतस्थळ ५९१ का दाखवतं? आपण पृथ्वी पूर्ण गोल धरली. ती ध्रुवांकडे किंचित चपटी आहे, आणि आपल्या अक्षांशांवर एक अंश १११.१ ऐवजी सुमारे ११०.६ किलोमीटर भरतो. मार्ग जवळजवळ उत्तर-दक्षिण असल्यामुळे हा फरक पुरेपूर उतरतो. तीन किलोमीटर इकडे-तिकडे झाले म्हणून प्रवासाच्या आखणीत काही बिघडत नाही. दोन संकेतस्थळांवर दोन वेगळे आकडे दिसले तर त्यामागचं कारण बहुतेक हेच असतं, एवढं माहीत असावं.

खरी चूक होते ती आकडे भरताना. १०°४९′ म्हणजे १०.४९ नव्हे. ४९ मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १०.८२ येतं. १०.४९ टाकलं की अगत्ती ३६-३७ किलोमीटर दक्षिणेला सरकतं, आणि उत्तर इतकं पटण्यासारखं असतं की चूक लक्षातही येत नाही. दुसरी चूक नावाची. ‘सिंधुदुर्ग’ असं लिहिलं की कुठे मालवणचा किल्ला धरला जातो, कुठे ओरोसचं जिल्हा मुख्यालय. ‘गोवा’ लिहिलं तर आणखी पंचाईत, कारण तिथे आता दोन विमानतळ आहेत : दाबोळी आणि मोपा. दोघांत सरळ रेषेत चाळीस किलोमीटर आहेत, रस्त्याने त्याहून बरेच जास्त. म्हणून तीन अक्षरी कोड पाहूनच पुढे जावं : चिपी एसडीडब्ल्यू, अगत्ती एजीएक्स, दाबोळी जीओआय, मोपा जीओएक्स. शेवटच्या दोन कोडांत एकाच अक्षराचा फरक आहे, आणि त्या एका अक्षरापायी विमान चुकतं.

सरळ रेषेचं अंतर आणि जायचं अंतर यांत किती फरक पडतो हे तारकर्लीकरांना वेगळं सांगायला नको. देवबागच्या टोकावर उभं राहिलं की कर्ली खाडीच्या मुखापलीकडे भोगवे समोर दिसतं, हाक मारावी इतकं जवळ. गाडीने जायचं तर खाडीला वळसा घालून पुलावरून यावं लागतं, आणि समोर दिसणाऱ्या गावाला पोचायला तासाच्या आसपास जातो. विमानालाही असे वळसे असतात, फक्त ते जमिनीवरून दिसत नाहीत. विमान ठरलेल्या मार्गबिंदूंवरून जातं, निघताना धावपट्टीच्या दिशेने उडतं, उतरताना धावपट्टीच्या रेषेत यायला वळतं, आणि नौदलाच्या ताब्यातलं आकाश असेल तिथून बाजूने नेलं जातं. कमी पल्ल्याच्या उड्डाणात यामुळे सरळ अंतरात पाच ते आठ टक्के भर पडते असं धरून चालावं.

१ तास १४ मिनिटं कशी आली

बहुतेक संकेतस्थळांचं सूत्र एकच : अंतर भागिले ताशी ८०० किलोमीटर, वर चढ-उताराची ३० मिनिटं. ५९१ ला ८०० ने भागलं की ४४ मिनिटं, अधिक ३०, झाले १ तास १४. हा वेग जेट विमानाचा आहे. अगत्तीला नियमित प्रवासी विमान जातं ते पंख्याचं, एटीआर ७२ जातीचं. त्याचा समतल उड्डाणातला वेग २७० नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) आसपास, म्हणजे ताशी ५०० किलोमीटर. केंद्र सरकारच्या स्वस्त विमानप्रवासाच्या उडान योजनेत सुरुवातीला २,५०० रुपयांच्या भाड्याची मर्यादा ‘साधारण ५०० किलोमीटर, एक तासाचं उड्डाण’ अशी बांधली होती, तीही याच वेगाशी जुळते.

चिपीहून अगत्तीला थेट विमान नाही. आज या चौघांसाठी व्यवहार्य जोडणी मोप्याहून आहे. पेडणे तालुक्यातला हा विमानतळ ५ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी खुला झाला, आणि २०२४ मध्ये सुरू झालेल्या फ्लाय९१ या गोव्यातल्या कंपनीने तिथून अगत्तीचं विमान सुरू केलं. म्हणून वेळेचा हिशेब मोप्यापासून मांडू.

मोपा ते अगत्ती सरळ अंतर ५७४ किलोमीटर, ३१० सागरी मैल. त्यात सहा टक्के मिळवले की ३२९. जागेवरून हलून धावपट्टीच्या टोकाला जायला ७ मिनिटं. सोळा-सतरा हजार फुटांपर्यंत चढायला १७ मिनिटं, तेवढ्यात ५० मैल सरतात. उतरणीला तितकीच १७ मिनिटं आणि ५९ मैल. मधले २२० मैल २७० नॉटने ४९ मिनिटांत. धावपट्टीच्या रेषेत येऊन टेकायला ५, थांब्यावर यायला ४. एकूण ९९ मिनिटं, म्हणजे १ तास ४० मिनिटं. याच अंतराला संकेतस्थळ १ तास १३ मिनिटं दाखवतं. फरक सत्तावीस मिनिटांचा. चिपीहून थेट विमान असतं तरी साधारण एवढाच वेळ लागला असता. चिपी मोप्यापेक्षा सतरा किलोमीटर लांब आहे, म्हणजे जास्तीची दोन मिनिटं.

वाऱ्याबद्दल लोक फार विचारतात. मोपा-अगत्ती मार्गाची दिशा दक्षिणेपासून पश्चिमेला फक्त अठरा-एकोणीस अंश कललेली आहे. पावसाळी वारा नैऋत्य-पश्चिमेकडून येतो, तो विमानाला तिरका लागतो. ३० नॉटचा वारा धरला तरी समोरून येणारा त्याचा भाग अठरा ते वीस नॉट, आणि दोनशे वीस मैलांत त्याने जेमतेम तीन-चार मिनिटं वाढतात. परतीला तेवढीच वाचतात. पावसाळ्यात विमानं खोळंबतात ती वाऱ्याने वेळ वाढतो म्हणून क्वचितच; खाली आलेला ढग आणि धूसर झालेली धावपट्टी हे खरं कारण. चिपीचा सडा उंचावर आणि समुद्राला लागून, त्यामुळे जुलैत ढग अक्षरशः सड्यावर टेकलेला असतो. जानेवारीत हा प्रश्न बराच हलका होतो, फक्त पहाटेच्या धुक्याकडे लक्ष ठेवायचं.

अगत्तीची धावपट्टी सगळं ठरवते

चिपीची धावपट्टी २,५०० मीटर आहे. अगत्तीची सुमारे १,२०० मीटर. दोन्ही टोकांना समुद्र, त्यामुळे लांबी वाढवायची तर पाण्यात भराव घालावा लागतो. एटीआर ७२ ला पूर्ण वजनानिशी समुद्रसपाटीवरून उडायला १,३०० मीटरहून अधिक पट्टी लागते, आणि हवा तापलेली असली की आणखी. म्हणजे अगत्तीहून हे विमान भरगच्च भरून उडू शकत नाही. वजन कमी करावंच लागतं.

कमी काय करायचं? इंधनाला हात लावता येत नाही. अगत्तीवर उतरता आलं नाही तर पर्यायी मोठा विमानतळ म्हणजे कोझिकोडे, ४१४ किलोमीटर. कोची सुमारे ४७० किलोमीटर. येताना विमानात तीन हिशेबांचं इंधन असावं लागतं : अगत्तीपर्यंतचं, तिथून पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि वर अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. शिवाय वाटेतल्या कमी-जास्तीसाठी थोडी भर. हे विमान तासाला साधारण ६५० ते ७०० किलो इंधन खातं. अगत्तीपर्यंत हजार किलो, पर्यायी विमानतळासाठी सातशे, राखीव साडेतीनशे. दोन टनांच्या वर गेलं. यातलं निम्मं इंधन फक्त ‘उतरता आलं नाही तर’ यासाठी आहे, आणि त्याचं वजन सामानासकट दहा-अकरा माणसांएवढं होतं.

म्हणून कात्री लागते ती आसनांना आणि सामानाला. सत्तर-बहात्तर आसनांच्या विमानात काही जागा रिकाम्या सोडल्या जातात, आणि जास्तीचं सामान पैसे मोजूनही घेतलं जाईलच असं नाही. धावपट्टी ओली असेल तर उतरण्यासाठी लागणाऱ्या लांबीत १५ टक्के वाढ धरण्याचा नियम आहे, त्यामुळे एका सरीनेही वजनाचं गणित बदलतं. खिडकीतून विमान अर्धं रिकामं दिसतं आणि बॅग मात्र मागे राहते, याचा प्रवाशांना राग येतो. त्या रिकाम्या जागा सुरक्षिततेसाठीच सोडलेल्या असतात.

या चौघांना ही गोष्ट नेमकी लागू पडते, कारण त्यांचं सामान जड आहे. पाण्यात तरंगणं सांभाळणारं बीसीडी जॅकेट तीन ते चार किलो, सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणाऱ्या रेग्युलेटरचा संच दोनच्या आत-बाहेर, पायातले फिन्स दोन, तीन मिलिमीटरचा वेटसूट दीड-दोन, मुखवटा, टॉर्च, खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर मिळून दीड, आणि बॅगेचं स्वतःचं वजन. अकरा ते तेरा किलो इथेच संपले. तिकिटावर १५ किलो लिहिलेले असतील तर कपड्यांना दोन-तीन किलो उरतात.

उपाय सोपा आहे. शिशाची वजनं आणि सिलिंडर इथून न्यायचेच नाहीत, ते तिथल्या केंद्राकडून घ्यायचे. जॅकेट आणि फिन्सही तिथे मिळत असतील तर तेच वापरावेत. रेग्युलेटर आणि कॉम्प्युटर हातातल्या बॅगेत ठेवावे, कारण मोठी बॅग पुढच्या विमानाने आली तरी डायव्ह अडत नाही. कटर किंवा सुरी मात्र मोठ्या बॅगेतच. टॉर्चच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, टोकांवर चिकटपट्टी लावून. मोठ्या बॅगेत त्या चालत नाहीत. आणि बॅग घरून वजन करूनच निघावी. मासळीच्या तराजूवर झाली तरी हरकत नाही.

घरापासून बेटापर्यंत

आता खरा प्रवास मांडू. उड्डाण सकाळी १० चं आहे असं हिशेबापुरतं धरू. प्रत्यक्ष वेळ तिकिटावर बघायची, ती हंगामागणिक बदलते.

तारकर्लीहून कुडाळ, तिथून महामार्गाने झाराप, मग झाराप-पत्रादेवीच्या बाह्यवळणाने सावंतवाडी बाजूला ठेवून बांद्यावरून मोपा. ऐंशी ते नव्वद किलोमीटर. महामार्ग चांगला आहे, वेळ जातो तो मालवण ते कुडाळ या वळणांच्या टप्प्यात. दोन-सव्वादोन तास धरावेत. पहाटे ५.१५ ला निघालं की ७.३० ला मोपा. सामान घेणारं काउंटर उड्डाणाच्या तासभर आधीच बंद होतं, आणि या प्रवासात परवान्याचे कागदही दाखवावे लागतात, म्हणून अडीच तास आधी पोचणं जास्त नाही. १० ला निघून ११.४० ला अगत्ती. सामान आणि नोंदणी अर्धा तास. १२.१० ला बाहेर.

घरापासून बेटापर्यंत ६ तास ५५ मिनिटं. ५९१ किलोमीटरला भागलं तर सरासरी वेग ताशी ८५ किलोमीटर. विमान हवेत असतं त्यातला जेमतेम दीड तास. म्हणून दहा मिनिटं लवकर उडणारं किंवा थोडं वेगवान विमान शोधण्यात अर्थ नाही. वेळ वाचवायचा तर तो रस्त्यावर आणि वाराच्या निवडीत वाचतो.

वाराची निवड म्हणजे काय? असं विमान रोज असतंच असं नाही, बहुधा आठवड्यातले ठरावीक दिवस असतात. समजा सोमवार, बुधवार, शुक्रवार असं वेळापत्रक आहे. या चौघांचे सहा दिवस शनिवारी सुरू होत असतील तर पहिले दोन दिवस घरीच जातात. तेच सहा दिवस सोमवारपासून धरले तर सोमवारी जाऊन शुक्रवारी परत, आणि शनिवार हाताशी शिल्लक. रजा आधी ठरवून मग विमान शोधायचं, ही सवय मुंबई-पुण्याच्या प्रवासाला चालते. इथे आधी विमानाचे वार बघायचे, मग धंद्याचे दिवस त्यात बसवायचे.

चिपीहूनच निघायचं असा हट्ट धरला तर काय होतं तेही पाहावं. फ्लाय९१ ने २०२४ मध्ये चिपी-बंगळूर विमान सुरू केलं होतं. चिपी-बंगळूर ५४६ किलोमीटर, बंगळूर-कोची ३६६, कोची-अगत्ती ४६८. बेरीज १,३८० किलोमीटर, सरळ अंतराच्या सव्वादोन पटींहून जास्त, तीन विमानं आणि कोचीत एक मुक्काम. तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं याची जबाबदारी कुणीच घेत नाही, आणि प्रत्येक ठिकाणी सामान सोडवून पुन्हा द्यावं लागतं. नकाशावर चिपी जवळ दिसतं, पण अगत्तीसाठी ते लांबचं आहे.

रेल्वेचा मार्ग वेळखाऊ तरी भरवशाचा. कुडाळला नेत्रावती एक्स्प्रेसमध्ये बसायचं आणि आलुव्याला उतरायचं. कोचीचा नेडुंबासेरी विमानतळ तिथून जवळ आहे, एर्नाकुलमपर्यंत जाऊन परत यायची गरज नाही. सोळा ते अठरा तासांची गाडी, एक रात्र मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी विमान. दीड दिवस जातो. कोची हे लक्षद्वीपचं जुनं प्रवेशद्वार आहे. विमानांशिवाय प्रवासी जहाजंही तिथून सुटतात. एक वाट बंद पडली तर दुसरी मिळण्याची शक्यता तिथे सगळ्यात जास्त. मोप्याचं विमान पहिली निवड, कोची राखीव, असं आमचं मत.

परवाना

लक्षद्वीपमध्ये बाहेरच्या माणसाला, मग तो भारतीय नागरिक का असेना, परवान्याशिवाय जाता येत नाही. १९६७ च्या प्रवेश आणि निवास निर्बंध नियमांखाली तो मिळतो. तिकिटाआधी परवाना की परवान्याआधी तिकीट, हा घोळ टाळायला तारखा कच्च्या ठरवून अर्ज आधी करावा. परवान्यावर बेटाचं नाव असतं. बंगारामला किंवा कवरत्तीला जायचं मनात असेल तर ती नावं अर्जातच घालावीत, तिथे गेल्यावर वाढवून घेऊ असं धरू नये. आधार कार्डावरचं नाव, तिकिटावरचं नाव आणि परवान्यावरचं नाव अक्षरशः एक असावं. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, हा मराठी नावांतला नेहमीचा फरक काउंटरवर अडचण करतो. आणि मुदत परतीच्या तारखेच्या पुढे निदान तीन दिवस मागावी. विमान रद्द झालं तर पुढचं विमान दोन-तीन दिवसांनी. तोवर परवाना संपलेला नको.

परतीच्या सकाळची डायव्ह

सगळ्यात महत्त्वाचा भाग हा. पाण्याखाली दाबाखालची हवा श्वासात घेतल्यावर शरीरात नायट्रोजन विरघळतो, आणि वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. तो पुरता बाहेर पडण्याआधी हवेचा दाब आणखी कमी झाला तर उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीवरच्याइतका नसतो. तो सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा एवढा असू शकतो. सांधे दुखण्यापासून अर्धांगापर्यंत काहीही होऊ शकतं, आणि हे घडेल ते समुद्रावरच्या आकाशात, जिथून परत फिरायलाही तास लागतो.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्कची मार्गदर्शक तत्त्वं अशी आहेत : विनाथांबा मर्यादेतली (वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून वाटेत थांबावं न लागणारी) एकच डायव्ह केली असेल तर उड्डाणाआधी किमान १२ तास, एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डायव्ह केल्या असतील तर किमान १८ तास, थांबे घ्यावे लागलेल्या डायव्हनंतर १८ तासांहून बरंच जास्त. हे चौघं रोज दोन डायव्ह करणार, म्हणजे १८ तासांचा नियम लागू. परतीचं उड्डाण शुक्रवारी दुपारी १२.१० चं धरलं तर गुरुवारी संध्याकाळी ६.१० नंतर पाण्यात असायचं नाही. गुरुवारची रात्रीची डायव्ह बाद, शुक्रवार सकाळची तर पूर्णपणे बाद. आमचा आग्रह २४ तासांचा. १८ हा किमान आकडा आहे; दमलेल्या, पाणी कमी प्यायलेल्या शरीराला तो पुरेलच असं नाही. म्हणजे गुरुवारी दुपारी बाराच्या आत शेवटची डायव्ह संपवायची, सामान गोड्या पाण्यात धुवायचं आणि वाळत टाकायचं. ओला वेटसूट बॅगेत दीड-दोन किलो वाढवतो, तेही अशाने टळतं.

एक गोष्ट इथे जोडतो, कारण ती मालवणात रोज घडते. ही तत्त्वं विमानासाठी आहेत, पण दाब उंचीने कमी होतो, विमानाने नव्हे. साधारण २,००० फुटांच्या वर गेलं की काळजी घ्यायची असते. आंबोली ६९० मीटरवर, म्हणजे २,२५० फुटांच्या वर आहे. सकाळी खोल डायव्ह करून दुपारी आंबोली घाटाने कोल्हापूर किंवा बेळगाव गाठणाऱ्या डायव्हरने हे लक्षात ठेवावं. मोप्याला उतरून हे चौघं तारकर्लीला जाणार, त्या रस्त्यात घाट नाही. पण त्यांचे पाहुणे घाटावर जातात.

विमान रद्द झालं तर

हवामानामुळे विमान रद्द झालं तर कंपनीने पुढचं विमान किंवा तिकिटाचे पैसे परत द्यायचे असतात, वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही. निर्णय काउंटरवर लगेच घ्यावा लागतो, कारण पुढच्या विमानातही आसनं कमीच असतात आणि सगळे तीच मागतात. चौघांचं तिकीट एकत्र असेल तर चार आसनं एकदम मिळणं अवघड; दोन-दोनचं केलेलं बरं. जाताना रद्द झालं तर सरळ पुढचं विमान घ्यावं आणि बेटावरचे दोन दिवस कमी करावेत. कोचीकडे धावण्यात तेवढेच दोन दिवस जातात.

परतताना रद्द झालं तर चित्र उलटं होतं. अगत्तीहून कोचीला विमान किंवा जहाज यांपैकी जे आधी सुटेल त्यात जागा धरावी, आणि कोचीहून कोकण रेल्वेने कुडाळ गाठावं. त्यासाठी दर माणशी थोडी रोकड जवळ हवी, आणि परतीच्या तारखेनंतर लगेचच्या दोन दिवसांत पर्यटकांचं बुकिंग घेतलेलं नसावं. जानेवारीत तारकर्लीला शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून शुक्रवारी परतायचं असेल तर त्या शनिवारच्या डायव्ह दुसऱ्या केंद्राकडे सोपवता येतील असं आधीच बोलून ठेवावं.